चाळीस टक्के

"चाळीस दाखयता आणि मरता,"
तांडेल म्हणाला, आणि फोन काउंटरवर ठेवला
पापलेट ठेवावं तसा, डोळा वर करून.
मग म्हणाला, माझो नाय. खलाशाचो.
खलाशी मागे दारात उभा,
टेकबहादूर, चपला बाहेर काढून.
माझ्या दुकानात कुणी चपला काढत नाही.

मी देवगड बंदराच्या चढावर बसते,
बर्फाचा कारखाना आणि जाळीवाला यांच्या मध्ये.
इथे फोन पडून कमी मरतात,
खाऱ्या वाऱ्याने जास्त.

मागचं झाकण गरम हवेने सैल केलं,
प्लास्टिकची पट्टी फिरवली कडेकडेने.
आत एक खवला. पेडव्याचा, बहुतेक.
चार्जिंगच्या तोंडात हिरवा गंज,
आणि बॅटरी केंडासारखी फुगून
स्क्रीनला आतून ढोसत होती.

मीटर लावला.
नुसती बसली होती तेव्हा तीन पूर्णांक आठ.
काम लावलं, टॉर्च पेटवला, आवाज चढवला,
तीन पूर्णांक एक.
बॅटरी खोटं बोलत नाही. म्हणजे, मुद्दाम नाही.
तिला खरंच वाटतं आपल्यात चाळीस आहेत.

"आणि चलता किती हळू," तांडेल.
"गाळात होडी वल्हयल्यासारखो."
रॅम तीन जीबी. जागा बत्तीस,
त्यातली एकतीस पूर्णांक सहा भरलेली.
प्रोसेसर नवा होता तेव्हाही स्वस्तातलाच.
मी म्हटलं, काहीतरी काढावं लागेल.
खलाशी तेव्हा पहिल्यांदा बोलला.
गाणी काढा. नाचाचे व्हिडिओ काढा.
बोटीचे फोटो काढा, बोट रोजच दिसते.
आवाज नको.

आवाज म्हणजे व्हॉइस मेसेज.
अकराशे बारा.
मी एकही ऐकला नाही. वरचं नाव तेवढं दिसलं,
त्याच्या लिपीत, जी माझीच लिपी आहे,
म्हणून वाचता आलं: कान्छी.
अर्थ विचारला नाही.

मग मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं.
समुद्रात गेलास की विमानाचं बटण दाब.
टॉवर लांब गेला की फोन गप्प बसत नाही,
जोर लावून हाका मारतो,
उत्तर नाही आलं की आणखी जोर,
त्यातच निम्मी बॅटरी खलास.
टेकबहादूर मान हलवत हो हो म्हणाला.
तांडेल हसला. "दाबूचो नाय तो.
येतना दीपगृहासमोर इलव काय एक दांडी येता.
ती चुकात म्हणान उघडोच ठेयता."

नवी बॅटरी कंपनीची नव्हे, पण बरी.
साडेसहाशे सांगणार होते.
साडेपाचशे म्हटलं.
चपलांमुळे असेल.

चार्जिंगला लावला, आणि लाईट गेली.
पंखा बंद केला, इन्व्हर्टर सगळा त्याच्याकडे वळवला.
घाम पुसत तिघं एका आकड्याकडे बघत बसलो.
बावन्न.
अठ्ठावन्न.
खाली बर्फाच्या लाद्या फुटल्याचा आवाज,
कुणीतरी तांडेलाच्या नावाने ओरडत होतं.
एकाहत्तरला खलाशाने स्वतःच वायर काढली.
शंभर होऊ दे रे, मी म्हटलं.
"पाणी थांबूचा नाय," तांडेल म्हणाला,
आणि दोघं उतार उतरले,
एक रबरी चप्पल दुसरीहून जास्त वाजत.

फुगलेल्या बॅटऱ्या मी वाळूच्या बादलीत टाकते,
आग लागू नये म्हणून.
बादली गळ्यापर्यंत आली आहे,
तालुक्यात त्या कोण घेतं, अजून कळलेलं नाही.
वाळू याच बंदरातली. तिच्यातही मीठ.

खवला मीटरच्या काचेला चिकटला आहे.
दोनदा स्पिरिटने पुसला.
शून्य व्होल्टवर बसून चमकतो.